डेल्बर्टचा शेवटचा फोन

व्हर्ला स्टिडहॅमनं जन्मभरात मारलेल्या थापा कोळशाच्या डब्यांत भरल्या असत्या, तर स्लेटफोर्कच्या रुळांवरून गाडी संपता संपली नसती, आणि शेवटच्या डब्यात बसून व्हर्ला आणखी भरतच असती. बाई चौऱ्याऐंशी वर्षांची. दात गेले, एक कान गेला, नवरा होबार्ट तर कधीचाच गेला. जीभ मात्र शाबूत.

होबार्टचं खाणीतलं खेचर घ्या. भोंगा झाला की ते जागच्या जागी थांबायचं, पुढे एक पाऊल टाकायचं नाही. एकदा संपाच्या सभेत शिरलं, आणि हात वर करायची वेळ आली तसा त्यानं पुढचा पाय वर केला. ठराव एका मताच्या फरकानं पास. "मालकाचा मुकादम त्याला फोडायला टोपलीभर गाजरं घेऊन आला," व्हर्ला सांगायची, "त्यानं गाजरं खाल्ली आणि मत तेच ठेवलं!"

स्लेटफोर्कमध्ये अशा थापांना मान होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरांत दर सप्टेंबरात अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये थापांची स्पर्धा व्हायची. नियम एकच. थाप मारणाऱ्यानं फायर चीफचं जुनं पितळी हेल्मेट डोक्यावर घालायचं. हेल्मेट घालून काय वाटेल ते बोला, कुणी जाब विचारणार नाही. हेल्मेट उतरलं की शब्द खरा धरायचा. एकदा पाद्रीबाबा हेल्मेट काढायला विसरले आणि तसेच प्रार्थना सांगायला लागले, तर पहिल्या बाकावरच्या बाया हसून हसून लोळल्या. इतका तो नियम अंगात मुरलेला.

एवढ्या थापांमधली एकच थाप व्हर्लानं उघड्या डोक्यानं मारली होती.

ती दोन हजार एक सालची. न्यूयॉर्कचे मनोरे पडून तीन आठवडे झाले होते. त्या वर्षी स्पर्धा रद्द केली होती आणि त्याच हॉलमध्ये सगळ्या गावाचं दुपारचं जेवण ठेवलं होतं. बीन्स, मक्याचा पाव, ताक. झेंडे लागलेले. लोक एकमेकांशी हळू बोलत होते, कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखे. सैन्यात जाणाऱ्यांची नावं घ्यायला एक साहेब येऊन बसला होता.

तेवढ्यात ओनीडा मलिन्स उठली. ओनीडा म्हणजे व्हर्लाची शेजारीण, पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी. उठली आणि ताकाचा पेला हातात तसाच धरून म्हणाली, "मला एवढंच विचारायचंय. ज्यांनी हे केलं ते त्या विमानांतच मेले. त्यांना ज्यानं पाठवलं त्याला धरा, फासावर द्या, मी नको म्हणणार नाही. पण सबंध देशावर जायचं? तिकडे आपल्यासारखीच डोंगरातली माणसं असतील. त्यांच्या घरांवर विमानं न्यायची गरजच आहे का?"

एकजण म्हणाला, "ओनीडा, खाली बस." दुसरा म्हणाला, "बोलू दे तिला. चुकीचं काय बोलतेय?" आणि मग जो तो ओनीडाकडे बघायला लागला. कुणी रागानं, कुणी विचारात पडून. तिचा मुलगा आर्लिससुद्धा. बावीस वर्षांचा, लाकडाच्या गिरणीत कामाला. साहेबाच्या टेबलाकडे निघालेला तो मध्येच थांबला होता.

आणि व्हर्लाकडे कुणीच बघत नव्हतं.

त्या थापेचं खरं कारण एवढंच. त्या हॉलमध्ये तीस वर्षं माणसं बघायची ती व्हर्लाकडे. तिला काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. जीभ सुटली.

"डेल्बर्ट स्कॅग्ज आठवतो का तुम्हाला?" ती म्हणाली.

म्हाताऱ्यांना आठवत होता. डेल्बर्ट तिच्या वर्गातला. आईशी भांडून एकसष्ट साली घर सोडून गेलेला. बाहत्तर साली न्यूयॉर्कच्या चित्राचं एक पोस्टकार्ड आलं होतं त्याचं, त्यानंतर काही नाही.

"त्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला," व्हर्ला म्हणाली. "म्हणाला, व्हर्ला, मी डेल्बर्ट. मनोऱ्यात लिफ्ट दुरुस्त करायला आलो होतो, वर अडकलोय. धूर फार आहे गं. मला दुसरा कुणाचा नंबर पाठ नाही. आपल्या डोंगरातल्या पोरांना सांग, माझं मरण वाया जाऊ देऊ नका. त्यांच्या घरात जाऊन गाठा त्यांना. आणि मग फोनमध्ये नुसता वारा. नुसता वारा."

हॉलमध्ये कुणी तरी हुंदका दिला. व्हर्लानं बघितलं, पाद्रीबाबा रडत होते. आत्ता सांगावं, असं तिच्या ओठांवर आलंही होतं. अरे, थाप होती! पण तोवर आर्लिस टेबलाशी पोचला होता. "माझं नाव लिहा," तो म्हणाला. त्याच्यामागे त्याचा दोस्त रूडी टॅकेट. मग आणखी दोघं. ओनीडानं पेला खाली ठेवला, हॉल ओलांडून आली आणि व्हर्लाच्या गळ्यात पडली. "मला माहीत नव्हतं गं," म्हणाली. "मी काय बोलून गेले!"

पुढच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या झाल्याही तशाच भराभर. आर्लिस आला, डावा पाय गुडघ्याखाली तिकडेच ठेवून. रूडी पेटीत आला. हॉलच्या दारापाशी काळ्या दगडाची शिळा बसवली, तिच्यावर दोन नावं कोरली. रूडी टॅकेट आणि डेल्बर्ट स्कॅग्ज. दर शनिवारी ओनीडा भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन जायची आणि ती शिळा घासायची. रूडीचं नाव एकदा, डेल्बर्टचं दोनदा. व्हर्लानं एकदा विचारलं होतं, दोनदा का? ओनीडा म्हणाली होती, "त्याचं मी जास्त देणं लागते."

व्हर्लानं त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही. रोज सकाळी मात्र ओनीडाच्या ओसरीवर तिची कॉफी ठरलेली. एवढं एकच माणूस तिला उरलं होतं. सांगायला हजार वेळा तोंड उघडलं, आणि हजार वेळा त्यात कॉफीच ओतली.

मग दोन हजार एकवीसचा ऑगस्ट आला. काबूलच्या विमानतळावर माणसं विमानांना लटकलेली टीव्हीवर दिसली. गावातल्या उपाहारगृहात तर रोज जुंपायची. "गरज होतीच," एक म्हणायचा. "घरात घुसून मारलं त्यांनी, गप्प बसायचं होतं काय?" दुसरा म्हणायचा, "वीस वर्षांनी तेच लोक परत गादीवर! मग आपण तिकडचे डोंगर मोजायला गेलो होतो काय रे?" आर्लिस यातलं काही ऐकायला जायचा नाही. आईच्या अंगणातल्या शेडमध्ये तो गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. टीव्ही त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

त्याच आठवड्यात, बुधवारी भर दुपारी, ओहायोच्या नंबरपाटीची एक जुनी गाडी व्हर्लाच्या दाराशी थांबली. आतून एक म्हातारा उतरला. पोट सुटलेलं, पँटला खांद्यांवरून पट्टे, कानात यंत्र. पायऱ्यांपाशी येऊन धापा टाकत म्हणाला, "व्हर्ले, अगं मी मेलोय असं लिहिलंय तिकडे!"

व्हर्लाच्या हातातली शेंगांची परात खाली पडली.

"डेल्बर्ट?"

"तर काय! आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलो. म्हटलं ऐंशी उलटली, आता तरी भांडण मिटवावं. तर हॉलपाशी माझं नाव! आणि खाली लिहिलंय, 'त्यानं हाक दिली.' मी कुणाला हाक दिली? मी तर टोलेडोत गाद्या विकत होतो!"

"न्यूयॉर्क?"

"चार महिने राहिलो. जमलं नाही. फार गर्दी."

व्हर्ला खुर्चीत बसली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. डेल्बर्ट ऐकत होता. आधी हसला, मग हसू अर्धवट राहिलं.

"किती पोरं गेली म्हणालीस?"

"चार."

"माझ्यासाठी?" तो म्हणाला. "मी आईच्या मयतीला आलो नाही गं. माझ्यासाठी?" मग बराच वेळ शेंगा गोळा करत बसला. म्हाताऱ्या माणसाला खाली वाकून बसलं की उठता येत नाही, तसा तो खालीच राहिला. शेवटी म्हणाला, "हे बघ, मी संध्याकाळच्या आत जातो. मेलेलाच बरा. दगड छान आहे. माझ्याबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं."

व्हर्लाला तेच हवं होतं. देवाशपथ, तेच हवं होतं. "जा," ती म्हणाली. "मागच्या रस्त्यानं जा."

पण कुंपणाचं फाटक वाजलं. ओनीडा येत होती, हातात ॲपल पायची थाळी. मागून आर्लिस, खोटा पाय टाकत. परक्या पाटीची गाडी दिसली की त्या गावात माणूस घरात थांबत नाही.

"पाहुणे का गं?" ओनीडा म्हणाली.

आणि व्हर्लाची जीभ पुन्हा सुटली. "हे विल्बर," ती म्हणाली. "डेल्बर्टचे चुलतभाऊ. टोलेडोहून आलेत. शिळा बघायला."

इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच वाटलं, खेचराचीच गोष्ट चालू आहे.

ओनीडानं थाळी कठड्यावर ठेवली. एप्रनला हात पुसले. आणि डेल्बर्टचे दोन्ही हात हातात धरले. म्हाताऱ्याला हात सोडवता येईना.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "त्यांचं कुणी तरी भेटावं म्हणून वीस वर्षं मी देवाला सांगतेय. मला माफी मागायचीय."

"माझी कशाला, बाई..."

"मला बोलू द्या. पुन्हा धीर होणार नाही. त्या दिवशी मी भर हॉलमध्ये उठले आणि म्हणाले, युद्धाची गरज काय. तुमचा भाऊ धुरात गुदमरून मेला, त्यानं शेवटचा श्वास आमच्यासाठी खर्च केला, आणि मी तिथे ताकाचा पेला घेऊन शहाणपणा शिकवत होते. पोरगा निघाला तेव्हा त्याची पिशवी मी भरली. मी म्हटलं, जा बाबा, तुझ्या आईनं जे तोंड उघडलं त्याची भरपाई कर."

"आई," आर्लिस म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? लाज वाटत होती." तिनं डेल्बर्टचे हात आणखी घट्ट धरले. "तुम्ही त्यांच्या वतीनं एवढं म्हणा, की ओनीडा, झालं गेलं. बस. शिळा घासताना माझा हात हलका होईल."

डेल्बर्ट व्हर्लाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर अशी कळा, की वर्गात चोरी दुसऱ्यानं केली आणि उभं यालाच केलं. त्यानं तोंड उघडलं. व्हर्लाला कळलं, हा आता 'झालं गेलं' म्हणणार. दयाळू माणूस, म्हणून टाकणार. आणि मग ही थाप कायमची पक्की होणार, दगडाहून पक्की.

"म्हणू नकोस, डेल्बर्ट," व्हर्ला म्हणाली.

"विल्बर," ओनीडा म्हणाली.

"डेल्बर्ट. हाच तो. जिवंत आहे."

ओनीडा हसली. दमलेलं हसू. "व्हर्ला, आज नको गं. आज मला तुझ्या थापा सोसणार नाहीत."

"थाप नाही. थाप ती होती."

"कोणती?"

डेल्बर्टनं हळूच एक हात सोडवला, खिशातून पाकीट काढलं आणि गाडी चालवायचा परवाना आर्लिसकडे दिला. आर्लिसनं वाचला. पुन्हा वाचला. उलटा करून मागून बघितला.

"डेल्बर्ट ली स्कॅग्ज," तो म्हणाला. "टोलेडो."

"फोन आलाच नव्हता," व्हर्ला म्हणाली. "म्हणजे त्या सकाळी फोन वाजला होता, ओनीडा. तो तुझा होता. टीव्ही लाव म्हणालीस. बाकी सगळं मी रचलं. तिथल्या तिथे, बीन्स खाता खाता."

"त्या दिवशी तुझ्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं," ओनीडा म्हणाली. लहान मुलीनं नियम सांगावा तसं.

"नव्हतं."

"का केलंस?"

व्हर्लाला मनातल्या मनात सात कारणं सुचली. देशप्रेम होतं. राग होता. म्हातारपणी चळ लागला होता. सातही छान होती. ती सातही तिनं गिळली.

"सगळे तुझ्याकडे बघत होते म्हणून," ती म्हणाली.

ओसरीवर एक माशी थाळीवर येऊन बसली, ती कुणी हाकलली नाही.

"म्हणजे मी बरोबर होते," ओनीडा म्हणाली. कुणाला सांगत होती, कोण जाणे.

"तू निदान विचारत होतीस," व्हर्ला म्हणाली. "मी विचारू दिलं नाही."

आर्लिस पायरीवर बसला, खोटा पाय सरळ पुढे करून. "व्हर्लामावशी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "युद्ध तुझ्यामुळे झालं नाही. तू गप्प बसली असतीस तरी ते झालंच असतं, तेवढी मोठी तू नाहीस. ज्यांनी मनोरे पाडले त्यांना धरायला हवं होतं, हे मी अजून म्हणतो. पुढची वीस वर्षं कशाला, ते मला विचारू नका, मला माहीत नाही. पण मी गेलो तो याच्यासाठी." त्यानं परवान्यावर बोट ठेवलं. "आणि रूडी गेला तो माझ्यासाठी."

"आर्लिस, बाळा..."

"थांब. एक सांगायचंय. तिकडे डोंगरात आम्ही पहाटे एक दार फोडलं. आत एक म्हातारा, हाजी मरजान. चुकीचं घर होतं. दुभाष्यानं सांगितलं, तो विचारतोय, तुम्ही इतक्या लांबून माझं दार फोडायला का आलात? मला काय उत्तर द्यायचं? मी त्याला डेल्बर्टची गोष्ट सांगितली. फोन. धूर. वारा. सगळं, तू सांगितलंस तसंच. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं डोळे पुसले, दोन्ही हात वर धरले आणि डेल्बर्टसाठी दुवा मागितली. फुटक्या दारात बसून. मग आम्हाला चहा दिला. अक्रोड दिले."

डेल्बर्टनं तोंडावर हात घेतला.

"पुढच्या महिन्यात त्या उतारावर आम्ही विमानं बोलावली," आर्लिस म्हणाला. "त्याचं घर त्यात गेलं की राहिलं, मी बघायला गेलो नाही. जाता आलं असतं. पाऊण तासाची चढण. तेव्हा दोन्ही पाय होते मला." परवाना त्यानं डेल्बर्टला परत दिला, अगदी नीट, दोन्ही हातांनी. "त्याची दुवा परत कशी करायची, मावशी? तुला गोष्टी सुचतात. सांग."

व्हर्लानं ओठ हलवले. काही म्हणजे काही आलं नाही. तिला वाटलं, आपण चौऱ्याऐंशी वर्षं नुसती हवा चावत होतो.

"मी शनिवारी हॉलमध्ये गाव जमवून सांगेन," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांसमोर. डेल्बर्टला शेजारी उभं करून."

"सांग," ओनीडा म्हणाली. "माझ्यासाठी नको सांगूस. रूडीची आई समोरच बसते, तिच्याकडे बघून सांग. दुसरीकडे बघायचं नाही."

तिनं थाळी उचलली. माशी उडाली. मग ती डेल्बर्टकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात, तो नेहमीचा ठेवायला किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक, म्हणाली, "तुम्ही जेवला आहात का?"

"नाही," डेल्बर्ट म्हणाला. "पण मला..."

"जिवंत आहात ना? मग जेवायला लागतं. चला. बीन्स आहेत. आणि तुमचं नाव त्या दगडावरून काढायला आर्लिस छिन्नी आणेल, तेव्हा तुम्हीही धरू लागा. मी एकटीनं वीस वर्षं घासलंय."

तिघं फाटकाकडे निघाले. पुढे ओनीडा, मग डेल्बर्ट, मागे आर्लिस. व्हर्ला उठून उभी राहिली. बोलावलं तर लगेच निघता यावं म्हणून काठीही घेतली. फाटकापाशी ओनीडा थांबली, वळली, आणि व्हर्लानं काठी पुढे टाकली.

"शेंगा झाकून ठेव," ओनीडा म्हणाली, "मुंग्या लागतील," आणि फाटक लावून गेली.